डेलिया : फुलाची निगा, कंदाची राखण

दरवर्षी १४ एप्रिलला आपल्या शाळेच्या प्रांगणात माजी विद्यार्थी, पालक आणि परिसरातील उपासक-उपासिका मोठ्या संख्येने येतात. अभिवादन होते, भोजनदान होते आणि मग जुन्या विद्यार्थ्यांची पावले आपोआप वसतिगृहामागील वाफ्यांकडे वळतात. तेथे उघडी माती पाहून कोणी तरी हटकून विचारतो, "सर, यंदा डेलिया लावला नाही काय?"

डेलिया लावलेला असतो. तो डिसेंबर-जानेवारीत भरभरून फुललेलाही असतो. मात्र १४ एप्रिलला त्याचे कंद कोठीघरातील माठांत कोरड्या वाळूखाली निजलेले असतात. आपल्या सर्वांत मोठ्या उत्सवाच्या दिवशी या बागेत दाखविण्यासारखे काहीही नसते. तरीही बागेचे सर्वांत महत्त्वाचे काम त्याच दिवसांत चालू असते. ते काम कोणते आणि ते का करावे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. ज्यांनी येथे लहानपणी झारीने पाणी घातले, त्यांना आपल्या दारी डेलिया लावता यावा, हाही हेतू आहेच.

फुलाचे नाव आणि फुलाचे गाव

डेलिया मूळचा आपल्याकडचा नव्हे. तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या डोंगराळ पठारांवरचा. स्पेनच्या फौजांनी १५२१ मध्ये अॅझ्टेकांची राजधानी जिंकली. त्यानंतर १५७० च्या दशकात फ्रान्सिस्को एर्नांदेस या स्पॅनिश वैद्याने तेथील वनस्पतींची नोंद केली. त्या नोंदींत डेलियाच्या जाती त्यांच्या स्थानिक, म्हणजे नाहुआत्ल भाषेतील नावांनी येतात. त्यांपैकी 'अकोकोत्ली' या नावाचा अर्थ 'पाण्याची नळी' असा लावला जातो. डेलियाची दांडी आतून पोकळ असते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या नावाची यथार्थता पटेल. नाव ठेवणाऱ्यांनी ते झाड हातात धरून, कापून, वापरून ठेवलेले होते.

पुढे १७८९ मध्ये मेक्सिकोहून हे वाण माद्रिदच्या राजोद्यानात पोचले. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ कावानियेस यांनी १७९१ मध्ये त्यास 'डालिया' हे शास्त्रीय नाव दिले. हे नाव अँडर्स दाल या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या गौरवार्थ होते. दाल १७८९ मध्येच वारले होते. माद्रिदला हे फूल उमलले ते त्यांच्या पश्चात. ज्यांनी शतकानुशतके हे झाड ओळखले, राखले, त्यांचे नाव मागे पडले आणि ज्याने ते तेथे फुललेले पाहिलेही नाही त्याचे नाव जगभर गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटत नाही. मेक्सिकोने १९६३ मध्ये डेलियाला राष्ट्रीय पुष्प म्हणून जाहीर केले, तेव्हा निदान फुलाचे गाव तरी अधिकृतपणे त्याला परत मिळाले.

फूल आणि नाव यांचा संबंध आपल्याही इतिहासात आहे. महात्मा जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांच्या दरबाराला फुले पुरविण्याच्या व्यवसायामुळे ते 'फुले' झाले. दरबाराने कामावरून दिलेले ते नाव जोतीरावांनी आणि सावित्रीमाईंनी आपल्या कर्तृत्वाने एवढे उंच नेले की, आज तो दरबार कोणाला आठवो न आठवो, फुले हे नाव मात्र प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे. म्हणूनच आमच्या बागेत एक नियम पाळला जातो. रोपाशेजारच्या पाटीवर जातीचे किंवा रंगाचे नाव लिहीत नाहीत, तर ज्याने ते लावले त्या मुलाचे किंवा मुलीचे नाव लिहितात.

आपली माती, आपला हंगाम

डेलियाला थंड रात्री, स्वच्छ ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी जमीन लागते. विश्रामबागेत यांपैकी पहिल्या दोन गोष्टी हिवाळ्यात विनासायास मिळतात. तिसरी मात्र मेहनतीने निर्माण करावी लागते. कृष्णाकाठची आपली काळी माती उसाला मानवते, परंतु कंदाला नाही. ती पाणी धरून ठेवते, ओली असता चिकटते आणि वाळली की भेगाळते. अशा मातीत डेलियाचा कंद कुजतो. शिवाय अति पाण्याने या खोऱ्यातील कितीतरी शिवारे क्षारपड झालेली आपण पाहतोच. पाणी जितके अधिक तितके पीक चांगले, हा समज डेलिया पहिल्याच हंगामात खोटा ठरवतो.

यासाठी जमिनीपासून वीतभर उंच गादीवाफा करावा. दोन भाग पोयट्याची माती, एक भाग वाळू किंवा बारीक मुरूम आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण पुरेसे होते. वाफ्यागणिक दोन ओंजळी निंबोळी पेंड मिसळावी. कुंडीत लावायचे तर बारा इंचांपेक्षा लहान कुंडी नको आणि तिच्या तळाच्या छिद्रावर खापराचा तुकडा पालथा ठेवावा. दिवसातून किमान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी.

आमचे डेलियाचे वर्ष श्रावणात सुरू होते. माठांतील कंद बाहेर काढून ओलसर वाळूच्या पसरट पेटीत अर्धे पुरून ठेवतात. दोन-तीन आठवड्यांत मानेजवळचे डोळे फुटतात. कोंब बोटभर लांबीचे झाले की पेऱ्याच्या जरा खाली धारदार पात्याने कापून घेता येतात. हेच छाटकलम. खालची पाने काढून ते वाळूत खोचावे, सावलीत ठेवावे आणि ओलावा राखावा. साधारण तीन आठवड्यांत मुळ्या सुटतात. एका कंदापासून अशी चार-पाच रोपे सहज मिळतात. म्हणूनच डेलिया विकत घेण्यापेक्षा मागून आणण्याचे आणि देण्याचे फूल आहे.

बियांपासूनही डेलिया उगवतो, पण मग फूल आईसारखे येईल याची खात्री नसते. कंदातून आणि छाटकलमातून जुनेच झाड पुन्हा जगते, तर बीतून नवे झाड जन्मते. मुलांना आनुवंशिकता शिकविताना या एका रोपाने फळ्यावरील अनेक आकृत्यांचे काम केलेले आहे.

लावणी ते कळी

सप्टेंबरच्या मध्यास, पावसाचा जोर ओसरल्यावर रोपे वाफ्यात जातात. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. आधाराची काठी त्याच दिवशी रोवावी, हा मुद्दा नवखे लोक हमखास विसरतात. झाड वाकू लागल्यावर काठी रोवली, तर ती नेमकी वाढत्या कंदातून आरपार जाते. आधार द्यायचा तो गरज दिसण्याआधी. काठीला सुतळीने सैल आठच्या आकड्यासारखी गाठ घालावी, म्हणजे दांडी कापली जात नाही.

रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा. मुलांना हे नको वाटते. वाढते रोप मोडायचे कशाला, असा त्यांचा प्रश्न असतो. पण शेंडा खुडल्याने बगलेतले फुटवे जोमाने निघतात आणि एका दांडीच्या जागी चार-सहा दांड्या होतात. मोठे फूल हवे असेल तर प्रत्येक दांडीवरची मधली कळी ठेवून शेजारच्या दोन कळ्या काढाव्यात. पुष्कळ फुले हवी असतील तर सर्वच राहू द्याव्यात. आम्ही बहुतेक झाडांवर सर्व कळ्या ठेवतो.

पाणी मुळांपर्यंत पोचेल असे भरपूर द्यावे आणि मग वरची माती सुकेपर्यंत थांबावे. रोज वरवर शिंपडण्याने मुळे वरच राहतात. नत्राची खते बेताने वापरावीत. युरियाने झाड हिरवेगार दिसते, पण दांड्या लुसलुशीत होऊन मोडतात आणि फूल रोडावते. कळ्या धरताना चुलीची चाळलेली राख मूठभर दिली तर पोटॅश मिळते. मावा आणि फुलकिडे दिसताच लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे साबणाचे पाणी मिसळून सायंकाळी फवारावे. कोरड्या हवेत पानांच्या मागे लाल कोळी वाढतो. त्यावर पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा उपयोगी पडतो. पाने पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांनी चितारलेली आणि आक्रसलेली दिसली तर तो विषाणुरोग समजावा. ते झाड कंदासकट उपटून नष्ट करावे आणि त्याचे कलम कोणालाही देऊ नये.

याच काळात दिवाळीची सुटी येते आणि येथे मला बागेपलीकडचे एक सांगावे लागते. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या दुष्काळी तालुक्यांतील आपल्या कित्येक मुलांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. सुटीला घरी गेलेले मूल धाकट्या भावंडाला सांभाळायला, झोपडीवर थांबायला त्यांच्याबरोबर जाते आणि त्याचे शिक्षण तेथेच तुटण्याची भीती असते. त्यामुळे दिवाळीनंतरची हजेरी ही आमच्या वर्षातील सर्वांत जिवावरची हजेरी असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, प्रवेश घेतला. २०१७ पासून हा दिवस राज्यात 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. आम्ही तो बागेतही पाळतो. त्या सुमारास प्रत्येक मुलाने आपल्या पाटीच्या रोपासमोर उभे राहायचे, काठीची सुतळी तपासायची, कळी धरली का ते पाहायचे. ज्या रोपासमोर कोणी उभे नसते, त्या घरी दुसऱ्या दिवशी शिक्षक जातात. रोपामुळे मूल परत येते असा भाबडा दावा मी करणार नाही. मूल परत येते ते पालकांशी बोलल्याने, धाकट्या भावंडाची सोय लावल्याने, कधी मुकादमाची समजूत घातल्याने. पण कोणाची जागा रिकामी आहे हे रोप आम्हाला उशीर होण्याआधी दाखवते.

थोरला भाऊबंद : झाडडेलिया

काही माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त उंचावरच्या गावी राहतात. त्यांनी घराच्या छपरापर्यंत पोचणाऱ्या, जांभळट गुलाबी फुलांच्या एका डेलियाबद्दल विचारले आहे. तो झाडडेलिया, शास्त्रीय नाव डालिया इंपेरिआलिस. मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतच्या उंच डोंगरांत तो आढळतो. एका हंगामात त्याच्या वेळूसारख्या पेरेदार दांड्या दहा ते वीस फूट वाढतात. ग्वाटेमालातील केक्ची माया लोक त्याची कोवळी पाने भाजी म्हणून खातात. आपल्याकडे तांदुळजा किंवा शेवग्याचा पाला असावा, तसे ते त्यांच्या रोजच्या ताटातले आहे.

हा प्रदेश अक्षांशाने आपल्यापासून फार दूर नाही, मात्र उंचीने दूर आहे. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, तर झाडडेलियाचे घर बहुतांशी दीड हजार मीटरच्या वर. सांगलीचा एप्रिल त्याला सोसवणारा नाही. येथे त्याचा हट्ट धरण्यापेक्षा साधा डेलिया लावावा. महाबळेश्वर, पाचगणी किंवा निलगिरीच्या बाजूला राहणाऱ्यांनी मात्र त्याचा अवश्य विचार करावा.

त्याची लावणी सोपी आहे. फुले सरल्यावर दांड्या बुडाजवळ कापतात. त्यांचे दोन-दोन पेऱ्यांचे तुकडे करून मातीत आडवे, तीन-चार इंच खोल पुरले की पेऱ्यांवरच्या डोळ्यांतून नवे झाड उठते. वाऱ्याचा आडोसा असलेली जागा द्यावी, कारण पोकळ दांडी उंच होते पण कडकन मोडते. पावसाळ्याच्या आरंभी एकदा शेंडे खुडावेत, म्हणजे उंची आटोक्यात राहते. हे झाड घाई मानत नाही. दिवस लहान आणि रात्री मोठ्या होऊ लागल्यावरच ते कळ्या धरते, म्हणून त्याला फूल येते ते वर्ष सरता सरता. दव गोठण्याइतकी थंडी पडली तर मात्र कळ्या जळतात. महाबळेश्वरात वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात ज्या पहाटे हिमकण दिसतात, तेथील सखल जागा टाळून उतारावर, भिंतीच्या आडोशाला ते लावावे.

कंद काढणे आणि राखणे

आपल्या वाफ्यात ६ डिसेंबरच्या सुमारास पहिली फुले येतात. महापरिनिर्वाण दिनाच्या वंदनेत ती तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेपुढे ठेवली जातात. ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, बाग ऐन भरात असते. पुष्पपूजेच्या गाथेचा आशय आपणास ठाऊक आहे : हे फूल जसे कोमेजते तसे हे शरीरही नाश पावणार आहे. मुलांना तो अर्थ डेलियाच्या वाफ्यात समजावून द्यावा लागत नाही. कोमेजलेली फुले वेळीच काढली तर नव्या कळ्या येत राहतात. गोल टोकाची ती कळी आणि निमुळत्या टोकाचे ते सरलेले फूल, एवढी खूण लक्षात ठेवावी.

फेब्रुवारी सरताना पाने पिवळी पडू लागतात. आता पाणी कमी करत बंद करावे. दांड्या वीतभर ठेवून कापाव्यात आणि आठ-दहा दिवसांनी बुंध्यापासून फूटभर अंतरावरून माती सैल करत कंदांचा झुबका अलगद उचलावा. दांडीला धरून ओढू नये, कारण तसे केल्याने कंदाची मान मोडते. माती झटकून कंद सावलीत तीन-चार दिवस सुकवावेत, जखमांवर राख किंवा गंधकाची भुकटी लावावी आणि कोरड्या वाळूच्या थरांत माठात ठेवावेत. माठ थंड, अंधाऱ्या, हवेशीर जागी असावा. त्यावर पाटी तशीच बांधून ठेवावी.

एका वर्षी मी हे कंद नीटनेटकेपणाच्या हौसेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून कपाटात ठेवले आणि सुटीत एकदाही उघडून पाहिले नाही. जूनमध्ये पिशव्यांत नुसता काळा चिखल होता. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून एप्रिल ते जुलै दर महिन्याच्या पौर्णिमेला माठ उपसून पाहिले जातात. कुजका भाग कापून टाकायचा, फार सुरकुतलेल्या कंदावर पाण्याचे चार थेंब शिंपडायचे, बाकी सारे पुन्हा वाळूत. वैशाख पौर्णिमेला, बुद्धजयंतीची वंदना झाल्यावर, हे काम सुटीतही न गेलेली मुले करतात.

कंद विभागताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डेलियाच्या कंदाला अंगावर कोठेही कोंब फुटत नाही. कोंब फुटतो तो फक्त मानेवर, जुन्या दांडीला चिकटून असलेल्या डोळ्यातून. डोळा नसलेला कंद कितीही गुबगुबीत असला तरी वाळूत पडून राहील, पण उगवणार नाही. करंगळीएवढा कंद डोळ्यासकट असेल तर त्यापासून पुरुषभर झाड होईल. म्हणून विभागताना सुरी मानेतून अशी चालवावी की प्रत्येक कंदाबरोबर डोळ्याचा तुकडा जाईल.

वर्षांपूर्वी दुष्काळी पट्ट्यातील एका मुलाने आपल्या पाटीचे रोप लावले आणि दिवाळीनंतर तो आला नाही. तेव्हा दुसऱ्या दिवशी घरी जाण्याचा आमचा शिरस्ता नव्हता. आम्ही गेलो तो जानेवारीत. घराला कुलूप होते. त्याचे रोप इतर मुलांनी वाढवले, त्याला गर्द लाल फुले आली. त्या रोपाचे कंद दरवर्षी काढले, राखले आणि लावले जातात. बागेतील आजचे बहुतेक लाल डेलिया त्याच एका रोपाचे आहेत. तो परत आला नाही. आज तो तिशीच्या पुढे गेला असेल. ही स्मरणिका हातोहात फिरत त्याच्यापर्यंत पोचली, तर त्याने एवढे जाणावे की त्याची पाटी आम्ही काढलेली नाही.

माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. उत्सवाला आपण येताच, तसे एकदा श्रावणात या. डोळे फुटलेले कंद आणि मुळ्या सुटलेली कलमे त्या वेळी वाटली जातात. एक आपल्या घरी न्या. आणि आपल्या गावात, वस्तीत दिवाळीनंतर शाळेकडे न वळलेले एखादे मूल दिसले, तर जानेवारीची वाट न पाहता त्याच आठवड्यात आम्हाला कळवा.

जय भीम. नमो बुद्धाय.